ऑर्व्हलची काही हरकत नव्हती

मी कुत्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी मला ‘अरे, मग तू मधे बोलला का नाहीस’ असं विचारायला नको. बोललो. भुंकलो, केकाटलो, एकदा तर चालत्या गाडीत स्टिअरिंगवर पाय टाकला. या घरात सरळ बोलणारा मी एकटाच, आणि नेमकी माझीच भाषा कोणाला कळत नाही.

माझं नाव बॉबर. मासे धरायच्या गळाच्या दोरीवर तो लाल-पांढरा गोळा तरंगत असतो ना, त्याला आमच्याकडे बॉबर म्हणतात. पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके बघून ऑर्व्हलला तेवढंच सुचलं. माणूस साधा आहे. ऑर्व्हल स्कोगस्टाड, मिनेसोटातल्या एका छोट्या गावचा, जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटायच्या ट्रकवर उभी हयात काढलेला. त्याच्या वाट्याला रस्ता एकच होता, गावापासून धान्याच्या कोठारांपर्यंत आणि परत. हिवाळ्यात त्यावरचा बर्फ काढायचा, उन्हाळ्यात त्याच रस्त्याच्या कडेचं गवत कापायचं. रस्त्यावरच्या प्रत्येक घरापुढची टपालपेटी त्याच्या ओळखीची, आणि ट्रकच्या तोंडाचा एवढा मोठा फाळ तो तिच्या शेजारून असा अलगद न्यायचा की पेटीच्या डोक्यावरचा बर्फसुद्धा हलायचा नाही. एकदा कोणीतरी त्याला विचारलं, रोज तोच रस्ता, कंटाळा येत नाही का. तो म्हणाला, “छे. जाताना एक बाजू दिसते, येताना दुसरी.” तो गंमत करत नव्हता.

दुपारी तो जेवायला घरी यायचा. घर तळ्याच्या काठावर, लाकडी, पांढऱ्या रंगाचं, स्वयंपाकघराची खिडकी थेट पाण्यावर. मार्लिस, म्हणजे त्याची बायको, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तीही तेव्हाच परत यायची. दोघं खिडकीशी बसून सूप प्यायचे आणि तळ्याकडे बघायचे. बोलणं फारसं नसायचं. ‘वारा सुटलाय.’ ‘सुटलाय खरा.’ झालं. मी इतकी सुखी माणसं दुसरी पाहिली नाहीत, आणि आपण सुखी आहोत हे एकमेकांना सांगायची त्यांना कधी गरजही पडली नाही. तिथेच सगळा घोटाळा झाला.

कारण आमच्या भागात ‘मला हवं’ आणि ‘मला नको’ ही वाक्यं फक्त रांगत्या पोरांना माफ असतात. मोठ्या माणसानं कॉफी हवी असली तर आधी ‘नको, कशाला त्रास’ म्हणायचं, मग ‘असेल तरच’, मग ‘बरं, अगदी अर्धा कप’. एखादी गोष्ट मुळीच आवडली नाही तर ‘वेगळीच आहे हं’ म्हणायचं. आणि ताटातला शेवटचा तुकडा कोणी उचलायचा नाही. ऑर्व्हल निवृत्त झाला तेव्हा चर्चच्या तळघरात समारंभ होता. केकचा शेवटचा तुकडा राहिला. एकीनं अर्धा घेतला, दुसऱ्यानं उरलेल्याचा अर्धा, तिसऱ्यानं त्याचा अर्धा, असं करता करता ताटात एक काडीएवढा केक उरला आणि सगळं गाव त्याच्याभोवती अदबीनं उभं. शेवटी मी खाल्ला. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

त्याच समारंभात ड्वेन नावाच्या, ऑर्व्हलबरोबर ट्रकवर काम केलेल्या माणसानं त्याच्या पाठीवर थाप मारून विचारलं, “काय मग, आता देशबिश बघायला निघणार की काय?”

ऑर्व्हलच्या तोंडात केक होता. तो गिळून म्हणाला, “बघायला हरकत नाही.”

आमच्याकडे याचा अर्थ ‘विषय बदल’ असा होतो. पण ड्वेनची आई आयोवाची, तिकडे जे बोलतात तेच म्हणायचं असतं. त्यानं गावभर केलं की ऑर्व्हलचं जन्माचं स्वप्न आहे, गाडी घेऊन देश पालथा घालायचा. संध्याकाळपर्यंत ते मार्लिसच्या कानावर आलं. ती भांडी विसळत होती.

“ड्वेन म्हणतोय, तुला देश बघायचाय.”

“तसं काही खास… तुला बघायचाय का?”

“तुला बघायचा असेल तर माझी काही हरकत नाही.”

“हरकत तर माझीही नाही.”

दोन ‘हरकत नाही’ एकत्र आले की आमच्याकडे ठराव मंजूर होतो. बर्फ पडायच्या आत अंगणात एक आरव्ही येऊन उभी राहिली. एसटीच्या लांबीची गाडी, आत बिछाना, शेगडी, बेसिन, सगळं, आणि बाहेरून दोन्ही बाजूंना तपकिरी लाट रंगवलेली. मार्लिस ती बघून म्हणाली, “वेगळीच आहे हं.” मी तिच्याकडे पाहिलं. ऑर्व्हलनं पाहायला हवं होतं, पण तो तेव्हा टायर बघत होता.

घरही तसंच विकायला निघालं. चर्चमधली डार्लिन घरं विकायचं काम करते. तिनं विचारलं, आता तुम्ही फिरतच राहणार, तर घराचा काही विचार केलाय का. ऑर्व्हल म्हणाला, “करायला पाहिजे खरा.” दुसऱ्या दिवशी अंगणात तिची ‘घर विकणे आहे’ अशी पाटी. मार्लिसला वाटलं पाटी ऑर्व्हलला हवी होती, ऑर्व्हलला वाटलं मार्लिसनं सांगितली असेल, आणि डार्लिनला ती काढायला लावणं म्हणजे तिचा अपमान. मी त्या पाटीवर रोज जे करता येण्यासारखं होतं ते केलं.

तर असे आम्ही निघालो. फ्लोरिडा झालं, टेक्सास झालं, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढला. तिथे आमच्यासारखे हजारो म्हातारे आपापले डबे लावून बसलेले, प्रत्येकाच्या दारात खुर्च्या, आणि दारावर आडनावाची लाकडी पाटी. संध्याकाळचा त्यांचा करमणुकीचा कार्यक्रम एकच. नवी गाडी आली की खुर्च्या तिच्याकडे वळवायच्या आणि नवरा गाडी मागे घेताना बायको कशी हात करते ते बघायचं. बाकीच्या बायका ओरडायच्या, ‘थांब, गाढवा, थांब.’ मार्लिस गाडीच्या मागे उभी राहून म्हणायची, “ऑर्व्हल, आता जरा थांबलास तर बरं होईल, असं मला वाटतं.” हे वाक्य संपेपर्यंत विजेचा खांब वाकलेला असायचा. ज्या माणसानं उभ्या हयातीत एका टपालपेटीला खरवडलं नाही, त्यानं त्या हिवाळ्यात तीन खांब, एक पाण्याचा नळ आणि ओक्लाहोमाच्या एका गृहस्थाची शेगडी आडवी केली. बायकोवर तो एका शब्दानंही चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

पण मला दोघांचंही खरं माहीत होतं, कारण दोघंही ते मला सांगायचे. ऑर्व्हल सकाळी मला फिरवायला न्यायचा. निवडुंगाच्या आडोशाला गेलो की म्हणायचा, “बॉबर, मला इथे काय करायचं तेच कळत नाही रे. पण ती किती हौसेनं आलीय.” आणि तो शेजाऱ्याशी गप्पा मारायला गेला की मार्लिस बेसिनशी उभी राहून माझे कान कुरवाळत म्हणायची, “मला माझी खिडकी हवीय रे. पण त्याचं स्वप्न आहे, मी कोण मोडणार.” मी एकदा याच्याकडे बघायचो, एकदा तिच्याकडे. मग याची विजार तोंडात धरून तिच्याकडे ओढायचो. त्यांना वाटायचं भूक लागली. हिवाळ्यात माझं वजन फार वाढलं.

वसंतात आम्ही कॅलिफोर्नियाचा समुद्र बघून उलटे फिरलो. वायोमिंगमध्ये होतो, आजूबाजूला गवत आणि गाई आणि वारा, तेव्हा सकाळी डार्लिनचा फोन आला. आमच्याकडे फोन एकच, तो समोर काचेशी लावलेला असतो. डार्लिन आनंदात होती. “गिऱ्हाईक मिळालं. तरुण जोडपं आहे, गोड आहे. मला संध्याकाळपर्यंत हो की नाही तेवढं सांगा. हो असेल तर कागद उद्या पाठवते.”

फोन बंद झाला. 

“तुला काय वाटतं?” ऑर्व्हलनं विचारलं.

“तुला काय वाटतं?” मार्लिस म्हणाली.

“मी काय, तू म्हणशील ते.”

“तसं नको. तुझ्या मनात असेल ते.”

मग मार्लिसचं डोकं दुखायला लागलं. ती मागे बिछान्यावर जाऊन पडली आणि तिनं मधला जाड पडदा ओढून घेतला. ती रडत होती. मला वास येतो त्याचा. मला तेव्हा दोघांचा एकेक चावा घ्यावासा वाटला, मनापासून सांगतो.

थोड्या वेळानं ऑर्व्हल डिझेल भरायला एका पंपावर थांबला. आजूबाजूला दुसरं काहीच नाही, पंप आणि दुकान, बस. तो पैसे द्यायला आत गेला तेवढ्यात पडदा हलला आणि मार्लिस सपाता घालून बाहेर आली. तिला बाथरूमला जायचं होतं. डोळे सुजले होते, ते नवऱ्याला दिसू नयेत म्हणून ती दुकानाच्या मागच्या दारानं गेली. जाताना पडदा नीट लावून घेतला आणि मला म्हणाली, “आलेच हं.”

ऑर्व्हल आला, पडद्याकडे बघून त्यानं दार हळूच लावलं, म्हणजे तिची झोपमोड होऊ नये, आणि गाडी काढली.

मी भुंकायला सुरुवात केली. सीटवर चढलो, मागच्या काचेकडे धावलो, परत आलो, स्टिअरिंगवर पाय टाकला तो तेव्हाच. ऑर्व्हल शांतपणे म्हणाला, “बॉबर, पुरे. गाई आहेत त्या. त्यांनाही राहू दे जगात.” माझा आवाज बसेपर्यंत मी ओरडलो. मग धापा टाकत खाली बसलो आणि तेव्हा तो बोलायला लागला. रस्त्याकडे बघत, मान न वळवता, पण मोठ्यानं, पडद्यापलीकडे ऐकू जाईल असं.

“मार्लिस, जागी आहेस का? नसलीस तरी चालेल. नसलीस तर बरंच.” त्यानं टोपी मागे सारली. “मला हे जमत नाहीये. सकाळी उठलो की मी आधी खिडकीतून बघतो, तळं दिसतंय का. आणि दिसतं काय, तर दुसऱ्याच्या गाडीचं बूड. तो समुद्र मला आवडला नाही. एवढं पाणी, पलीकडचा काठच नाही. माणसानं बघायचं तरी कुठे? ड्वेनला मी आपलं बोलायचं म्हणून बोललो होतो. तुला जायचंय असं वाटलं म्हणून निघालो. तू हौसेनं सगळं करतेस, मला तुझं मन मोडवत नाही. पण घर विकायला माझं मन होत नाही. मला त्या घरातच मरायचंय, तुझ्या समोर, सूप पिता पिता. तू फक्त ‘नको विकू या’ एवढं म्हण. मी लगेच डार्लिनला कळवतो.”

मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या बापानंही ऐकलं नसेल. त्याचे कान लाल झाले होते. तो वाट बघत गाडी चालवत राहिला. एक टेकडी गेली, दुसरी गेली. पडदा गाडीच्या हिसक्यांबरोबर हलत होता आणि पडद्यामागे, अर्थातच, कोणी नव्हतं.

आता, आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे काय हे ऑर्व्हलला शिकवायची गरज नव्हती. इतकं विनवूनही बायको गप्प आहे, म्हणजे तिला ते घर नको आहे, आणि तसं तोंडावर सांगून मला दुखवायचं नाही, एवढा ती माझा विचार करते आहे. हा सगळा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर उमटताना मी बघत होतो. अखेर तो म्हणाला, “बरं. कळलं. मी पुन्हा नाही काढणार विषय.” त्याचा आवाज अगदी मऊ होता. मला त्याची इतकी दया आली की मी जाऊन त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं.

पुढे एका विश्रांतीच्या जागी गाडी थांबवून त्यानं डार्लिनला फोन लावला. “हो म्हणून सांग त्यांना,” तो म्हणाला. “दोघांनाही पसंत आहे. हो, मार्लिसलाही.” फोन खाली ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजला. अनोळखी नंबर. ऑर्व्हल हळू आवाजात म्हणाला, “जरा सावकाश बोला, बायको मागे झोपलीय.”

“ऑर्व्हल,” फोनमधून मार्लिस म्हणाली, “मी पंपावर आहे.”

त्यानं फोनकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग उठून पडदा बाजूला केला. बिछान्यावर तिची उशी होती आणि उशीवर तिचा चष्मा.

परत येताना त्यानं कोणत्याही टेकडीकडे बघितलं नाही. मार्लिस दुकानाबाहेर बाकावर बसली होती, अंगावर दुकानदार बाईचा जाड कोट. ती बाई, ट्विला तिचं नाव, उंच, रापलेली, तोंडाची फटकळ, दारातच उभी होती. ऑर्व्हल खाली उतरला तशी ती म्हणाली, “हेच का ते रत्न? बाई, माझ्या नवऱ्यानं असं केलं असतं तर मी त्याला गाडीसकट पेटवला असता. माझं ऐक आणि तुला जे म्हणायचंय ते म्हण त्याला, सगळं. मी आत जाते.” आणि ती खरंच आत गेली. वायोमिंगची माणसं मला आवडतात.

मार्लिस गाडीत येऊन जेवायच्या टेबलाशी बसली. ऑर्व्हल टोपी हातात घेऊन समोर.

“मला वाटलं तू झोपलीयस,” तो म्हणाला.

“मला हा डबा आवडत नाही,” मार्लिस म्हणाली. शांतपणेच. “पहिल्या दिवसापासून. वळले की ढोपर आपटतं, झोपले की तुझं ढोपर लागतं. मला वाळवंट नको, मला त्या खुर्च्यांतल्या बायका नकोत. मला घरी जायचंय, ऑर्व्हल. तुझं स्वप्न असेल तर तू एकटा फिर. घर मी विकू देणार नाही.”

“माझं नाहीये स्वप्न,” तो म्हणाला.

“मग कोणाचं आहे?”

ऑर्व्हलनं विचार केला. “ड्वेनचं असेल.”

मग त्यानं तिला सांगितलं, मघाशी पडद्याला काय काय सांगितलं ते. समुद्राचं सांगितलं, सुपाचं सांगितलं. ती ऐकताना रडली आणि मधेच हसली. त्यानं टेबलावरून हात पुढे केला, तिनं तो धरला. मी टेबलाखाली होतो आणि माझी शेपटी दोघांच्याही पायांवर आपटत होती. अखेर माणसं बोलली. कोणीतरी यांच्या तोंडावरची कुलपं काढली, असं मला झालं होतं.

“मग डार्लिनला नाही म्हणून कळव,” मार्लिस म्हणाली.

ऑर्व्हलचा चेहरा पडला. “मी हो म्हणून बसलोय. तू गप्प होतीस ना.”

“मी पंपावर होते.”

“ते मला आता कळलंय.”

“सही झालीय कुठे?”

“कुठेच नाही. नुसतं बोललोय.”

“मग दे तो फोन इकडे,” मार्लिस म्हणाली. तिनं डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि स्वतः नंबर लावला. स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. मी तिच्याकडे असा बघत होतो जसा आजवर कोणाच्या ताटाकडेही बघितलं नसेन.

“मार्लिस,” डार्लिन ओरडलीच, “अगं किती वेळेवर. ते दोघं इथेच आहेत, तुझ्या स्वयंपाकघरात. ब्रिट्टाला सातवा लागलाय, इतके दिवस सासूच्या तळघरात राहतायत बिचारी. खिडकीशी उभी राहून रडतेय बघ आनंदानं. थांब, तिलाच देते.”

“डार्लिन, ऐक ना—” मार्लिस म्हणाली, पण तोवर फोन दुसऱ्या हातात गेला होता.

“हॅलो?” कोवळा आवाज. नाक ओढल्याचा आवाज. “मला काय बोलावं कळत नाहीये. तुमचं घर फार सुंदर आहे. तुम्हाला सोडायला जड जात असेल ना? खरं सांगा हं, तुमच्या मनात जरा जरी नसेल तर आत्ताच सांगा. आम्ही समजून घेऊ. मुळीच राग मानणार नाही.”

याहून सरळ प्रश्न आमच्या भागात कोणी कोणाला विचारलेला नसेल. मार्लिसनं ऑर्व्हलकडे बघितलं. ऑर्व्हलनं मार्लिसकडे. मी दोघांकडे. मार्लिसचे ओठ उघडले.

“छे, छे,” ती म्हणाली. “जड कसलं? आम्हाला काय, एवढी मोठी गाडी आहे.”

ऑर्व्हल होकाराची मान हलवत होता, जोरजोरात, जणू त्या पोरीला ते दिसणार होतं.

“आणि हे बघ,” मार्लिस पुढे म्हणाली, “ती खिडकी पावसाळी हवेत घट्ट बसते. खालून नाही ढकलायची, डाव्या कोपऱ्याला जरा बुक्की मारायची.”

“आणि बाहेरचा नळ,” ऑर्व्हल फोनवर वाकून म्हणाला, “पहिल्या थंडीआधी बंद करायचा. नाहीतर पाइप फुटेल.”

“पाळणा उत्तरेच्या खोलीत नको ठेवूस, गार असते.”

ती पोरगी पलीकडे सगळ्याला ‘हो, हो’ म्हणत होती आणि रडत होती. हे दोघं तिला एकेक करून आपलं घर देत होते, कुठली पायरी करकरते, कुठल्या झाडाला प्लम येतात, आणि दोघांचेही हात टेबलावर एकमेकांत तसेच घट्ट. मला ते सहन होईना. मी टेबलाखालून बाहेर आलो, मान वर केली आणि रडलो. भुंकलो नाही, रडलो. लांडगे रडतात तसा, असेल नसेल तेवढ्या बसलेल्या आवाजात.

“कुत्रा आहे का तुमच्याकडे? काय झालं त्याला?” ब्रिट्टानं विचारलं.

“काही नाही,” मार्लिस म्हणाली. “बाहेर जायचं असेल त्याला.”

ऑर्व्हल लगेच उठला. त्यानं मला पट्टा लावला आणि खाली घेऊन गेला. वारा जोरात होता. मला कुठेही जायचं नव्हतं, काही करायचंही नव्हतं. पण तो टोपी धरून, दुसरीकडे बघत, माझ्यासाठी इतका धीरानं उभा राहिला की मला बरं दिसेना. मी मागच्या टायरपाशी गेलो आणि त्याचं मन राखायला एक पाय वर केला.